पंधरा शाळांच्या आधी दुसरं वर्ष

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावी, संस्थेच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते. गेल्या वर्षी जूनपासून आठवी-नववीच्या २२ मुलींचा कोडिंगचा वर्ग घेते आहे. आधी स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवणं) शिकवलं, आता थोडं पायथॉन (टंकून लिहायची प्रोग्रॅमिंगची भाषा) चालू आहे. संगणक कक्षात आठ मशीन आहेत, त्यातली पाच चालतात. वर्ग शाळा सुटल्यावर साडेपाच ते साडेसहा असतो.

आता मुंबईच्या एका ट्रस्टने विचारणा केली आहे. तालुक्यातल्या १५ शाळांत हाच वर्ग सुरू करायचा, प्रत्येक शाळेला दहा टॅब द्यायचे, ४० तासांचे व्हिडिओ दाखवायचे आणि वर्षअखेर ६०० मुलींना प्रमाणपत्र द्यायचं, अशी त्यांची योजना आहे. मी समन्वयक व्हावं असं ते म्हणतात. मुख्याध्यापक खूश आहेत. माझ्या मनात मात्र धाकधूक आहे. बावीसपैकी चौदाच मुली आता नियमित येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर सातच उरल्या होत्या. एका मुलीचे वडील मला म्हणाले, "मनी आंडेर हाई शिकीसन काय करी?" (माझी मुलगी हे शिकून काय करणार?) मला पटकन उत्तर देता आलं नाही. सहकारी म्हणतात, आता एआयच कोड लिहितो, मग ह्या पोरींना हे कशाला?

प्रस्ताव घेऊ की नको? घेतला तर वर्ग पसरवायचा कसा? आणि त्या वडिलांना काय सांगू?

— गणिताच्या मॅडम, ता. शिंदखेडा

उत्तर

मॅडम, नमस्कार.

प्रस्ताव घ्या, पण आहे तसा घेऊ नका. ट्रस्टला तुमच्याकडून उलट प्रस्ताव जाऊ द्या: पहिल्या वर्षी पंधराऐवजी तीन शाळा, टॅबऐवजी लॅपटॉप, आणि पैसे दोन वर्षांचे. शाळा तीनच्या चार झाल्या, टॅब-लॅपटॉपमध्ये थोडं मागंपुढं झालं, तर चालेल. दोन वर्षांची अट मात्र सोडू नका. का ते जरा सविस्तर सांगते, कारण संस्थेचे चेअरमनसाहेब आणि ट्रस्टची माणसं, दोघांपुढेही हे तुम्हालाच मांडावं लागणार आहे.

चाळीस तासांत मुलगी कुठवर पोचते हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे. निम्मा वेळ माऊस हातात बसण्यात, फाइल कुठे सेव्ह झाली ते शोधण्यात, इंग्रजी कीबोर्डवरचं अक्षर हुडकण्यात जातो. 'इफ' (अट घालणं) कळतं, लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेणं) अर्धवट कळतो. मग वार्षिक परीक्षा येते, मे महिन्याची सुट्टी लागते, घरी मशीन नसतं, आणि जूनमध्ये ती वरच्या वर्गात गेलेली असते. तीच मुलगी दुसऱ्या वर्षी पुन्हा बसली, तर महिनाभरात मागचं सगळं वर येतं आणि ती आपणहून काहीतरी लिहायला घेते. प्रोग्रॅम अडला तर मॅडमना हाक मारण्याआधी स्वतः दोनदा ओळी वाचते. मला विचाराल तर कोडिंग शिकणं तिथून सुरू होतं, आणि ट्रस्टच्या कागदावर नेमकं ते वर्षच नाही. सहाशे मुलींना पहिलं वर्ष देऊन सोडून देण्यापेक्षा शंभर मुलींना दोन वर्षं मिळावीत, असं माझं ठाम मत आहे.

आणि वर्ग पसरवायचा असला तरी रस्ता हाच आहे. पंधरा शाळांत शिकवणार कोण, हा प्रश्न ट्रस्टने व्हिडिओंवर सोडलेला दिसतो. व्हिडिओ बघताना मुलगी अडली की तिच्या शेजारी कुणीतरी लागतं. आज प्रत्येक शाळेत हे काम अशा शिक्षकाच्या गळ्यात पडेल, ज्याच्याकडे आधीच सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं आणि निवडणुकीची कामं आहेत. तो पहिले दोन आठवडे उत्साहाने करेल. पुढे टॅब कपाटात जातील. तुमच्या वर्गात दोन वर्षं पूर्ण करून पुढे अकरावी-बारावीत गेलेली मुलगी मात्र शेजारच्या गावच्या आठवीतल्या मुलीजवळ बसून तिला हात देऊ शकते. अशा सहा मुली तयार झाल्या की दोन नव्या शाळा उघडा. आणखी सहा झाल्या की आणखी दोन. त्यांना मानधन द्या, फुकट राबवू नका. घरात चार पैसे आणणाऱ्या मुलीकडे घर वेगळ्या नजरेने बघतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ट्रस्टच्या अंदाजपत्रकात छापील प्रमाणपत्रं, बॅनर आणि समारोपाच्या कार्यक्रमाला जो खर्च धरला असेल, तो इकडे वळवायला सांगा.

आता गळालेल्या आठ मुलींबद्दल. कारण तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्गाची वेळ लिहिली आहे, आणि मला वाटतं बरंचसं कारण त्या वेळेतच आहे. शाळा सुटली की मुलींना ने-आण करणारी मानव विकास योजनेची निळी बस निघते. ती चुकली की पुढच्या गाडीची खात्री नाही, आणि अंधार पडल्यावर मुलगी रस्त्याने एकटी येते म्हटल्यावर कुठली आई धीर धरेल? गावातच राहणाऱ्या मुलीचं निराळं. साडेपाचला पाणी भरायचं असतं, धाकट्या भावंडाला घ्यायचं असतं, आई शेतातून यायच्या आत चूल पेटवायची असते. हा तास तिच्या मालकीचा नाहीच. मुलगा त्याच वेळी चौकात क्रिकेट खेळत असतो, म्हणून 'शाळा सुटल्यावर' ही वेळ आपल्याला मोकळी वाटते. ती त्याच्यापुरतीच मोकळी आहे.

तेव्हा वर्ग शाळेच्या वेळापत्रकात आणा. कार्यानुभवाची तासिका आहे, ग्रंथालयाची आहे, आठवड्यातून दोन तासिका जोडून मिळाल्या तरी पुष्कळ झालं. जोडूनच मागा. पस्तीस मिनिटांत मशीन सुरू होऊन मुली बसेपर्यंत घंटा होते. मुख्याध्यापक खूश आहेत म्हणता, तर त्या खुशीतून पहिली गोष्ट हीच मागून घ्या. केंद्राच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यापासून कोडिंगशी संबंधित उपक्रम घ्यावेत असं म्हटलं आहे, त्यामुळे तासिका देताना त्यांना कुणापुढे अवघडायचं कारण नाही.

वेचणीच्या दिवसांशी मात्र भांडू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर आपल्याकडे शाळेत पटावर मुली असतात आणि शेतात खऱ्या असतात. दिवाळीनंतर हजेरी पडणारच, असं धरूनच वर्षाची आखणी करा. जून ते सप्टेंबर नवीन धडे घ्या. वेचणीत नवीन काही शिकवू नका, ज्या येतील त्यांच्याकडून जुन्याचा सराव करून घ्या, म्हणजे न आलेली मुलगी मागे पडणार नाही. जानेवारीत पुन्हा पुढे चला. चार दिवस चुकलेली मुलगी बहुतेक वेळा पाचव्या दिवशी लाजेने येत नाही. "आता काही कळणार नाही" ही भीती तिला बाहेर ठेवते. तिच्या जागेवर तिचं अडलेलं पान तसंच उघडून द्यायची सोय केलीत तर ती येईल. ट्रस्टला हेही आधीच लिहून कळवा, नाहीतर नोव्हेंबरच्या हजेरीवरून त्यांची माणसं वर्ग बंद करायला निघतील.

यंत्रांबद्दल. टॅबवर स्क्रॅचचे ठोकळे सरकवता येतात, व्हिडिओ बघता येतात, पण पायथॉन लिहायचं म्हणजे टंकन करावं लागतं, आणि काचेवर कंस आणि अवतरणचिन्हं शोधत बसलेली मुलगी कंटाळते. वापरलेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप मागा आणि त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली टाकून घ्या. पायथॉन फुकट आहे, स्क्रॅचची इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्तीही फुकट आहे. लॅपटॉपचा आणखी एक फायदा मुंबईत बसून लक्षात येत नाही. आपल्याकडे वीज गेली की मेज-संगणक बंद पडतो, आणि शाळांमधल्या यूपीएसच्या बॅटऱ्या बहुतेक ठिकाणी केव्हाच बसलेल्या आहेत. चार्ज केलेला लॅपटॉप तास पूर्ण होईपर्यंत चालतो. ट्रस्टने टॅबच घ्यायचे ठरवले असतील, तर प्रत्येक टॅबला सुटा कीबोर्ड द्याच, एवढं तरी पदरात पाडून घ्या.

घरच्या फोनवर सराव होईल, असं ट्रस्टने गृहीत धरलं असेल तर त्यांना ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या अहवालातला एक आकडा दाखवा. ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयोगटात, ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यातल्या ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. घरात फोन असतो, पण तो वडिलांच्या खिशात किंवा भावाच्या हातात असतो, आणि मुलीच्या हातात दहा मिनिटं दिसला की "कोणाशी बोलतेस" ही विचारणा होते. म्हणून सगळा सराव शाळेतच व्हायला हवा. ज्या दोन-चार घरांत मोकळीक आहे, तिथे अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड नावाचं अ‍ॅप टाकून द्या, ते नेटशिवाय चालतं.

एका मशीनवर दोन मुली बसवा, त्याहून जास्त नको. एक टंकते, दुसरी वाचते आणि चूक दाखवते, आणि वीस मिनिटांनी खुर्च्या बदलतात. हा बदल घड्याळ लावून करा. न केल्यास हुशार मुलगी टंकत राहते आणि बुजरी बघत राहते. मुलग्यांनाही ह्या वर्गात घ्या असा आग्रह होईल. त्यांना शिकवा, जरूर शिकवा, पण वेगळ्या तासाला. एकत्र वर्गात माऊस कुणाच्या हातात जातो ते तुम्ही कितीदा पाहिलं असेल. आणि संगणक कक्षाची एक किल्ली तुमच्याकडे असू द्या. शिपाईदादा बाहेरगावी गेले म्हणून बुडालेला तास मुलींना परत मिळत नाही.

शिकवायचं काय, ह्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्या वडिलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. बहुतेक तयार व्हिडिओंत मांजर उडी मारते किंवा पिझ्झाची ऑर्डर घेतली जाते. तुमच्या शाळेत पोषण आहाराचा तांदूळ रोज मोजून काढावा लागतो. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम, पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम. आजची हजेरी टाकली की किती किलो काढायचा ते सांगणारा प्रोग्रॅम मुलींकडून लिहून घ्या. पुढच्या पायरीला महिन्याचा साठा किती दिवस पुरेल ते काढायला सांगा, साठा आठवड्याच्या आत आला तर सूचना द्यायला लावा. एवढ्यात चल (बदलत्या आकड्याला दिलेलं नाव), गुणाकार, 'इफ' आणि लूप सगळं येतं, आणि आहार शिजवणाऱ्या मावशींना उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगता येतं.

दुसरा प्रोग्रॅम वेचणीच्या मजुरीचा. कुणी किती किलो वेचला, किलोचा दर काय, उचल किती घेतली, हातात किती यायला हवेत. ही वही आपल्या बहुतेक घरांत पेन्सिलने लिहिली जाते आणि शनिवारी तिच्यावरून वाद होतात. आईच्या बचत गटाचं व्याजही घ्या. मुलींनी स्वतः प्रश्न निवडला की काय होतं, हे धारावीतल्या मुलींनी दाखवलं आहे. त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं अ‍ॅप इन्व्हेंटर हे अ‍ॅप बनवायचं साधन शिकून पाण्याच्या रांगेसाठी आणि बायकांच्या सुरक्षिततेसाठी अ‍ॅप तयार केली. त्यांचा प्रश्न पाण्याचा होता, कारण नळावर त्याच उभ्या राहत होत्या.

इंग्रजीची भीती हा आपल्या मुलींचा खरा अडसर, तो मात्र वाटतो तेवढा उंच नाही. पायथॉनचे राखीव शब्द, म्हणजे भाषेचे स्वतःचे ठरलेले शब्द, जेमतेम ३५ आहेत, आणि पहिल्या वर्षात त्यातले दहा-बाराच लागतात. ते भिंतीवर मराठी अर्थासह लावा. फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट सांगते: पायथॉन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत देता येतात. 'हजेरी', 'तांदूळ', 'शिल्लक' अशी नावं चालतात, मूळ आज्ञा आणि कोडमधले आकडे तेवढे इंग्रजीत लिहावे लागतात. पहिले दोन महिने असंच लिहू द्या. ओळ वाचली की मुलीला ती कशाबद्दल आहे ते कळतं, आणि आज्ञा कुठली, आपण दिलेलं नाव कुठलं, हेही डोळ्यांना वेगळं दिसतं. नंतर दोन कीबोर्डांमध्ये उड्या मारण्याचा त्यांनाच कंटाळा येईल आणि त्या आपणहून इंग्रजी अक्षरांकडे वळतील, तेव्हा वळू द्या. चूक झाल्यावर येणारा लाल इंग्रजी मजकूर मात्र पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचायची सवय लावा. त्यात ओळीचा क्रमांक असतो, तो शोधायला शिकली की मुलगी निम्मी सुटली.

व्हिडिओ हवेतच तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे बघा. फुकट आहेत, बरेचसे मराठीत आहेत, लहान तुकड्यांत आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही. ट्रस्टचे हिंदी-इंग्रजी व्हिडिओ विकत घेण्याआधी ह्यांची तुलना करायला सांगा. आणि कुणी "मग एमएससीआयटीच करून टाकू" म्हणालं, तर त्यांना सांगा की तो कोर्स उपयोगी आहे, सरकारी नोकरीच्या अर्जाला लागतो, पण त्यात मुख्यतः संगणक वापरायला शिकतात, प्रोग्रॅम लिहायला नाही. दोन्हींची गरज वेगळी.

आता ते वडील. त्यांच्या प्रश्नाला चिडू नका, तो रास्त प्रश्न आहे. पावसावरची शेती, कर्ज, आणि तीन मुलं असलेला माणूस कुठल्याही खर्चाला "पुढे काय" हेच विचारणार. त्यांना पुण्यातल्या आयटी कंपनीचं पॅकेज सांगू नका. २०२० च्या टाळेबंदीत लहान मुलांच्या आईबापांना अशा जाहिरातींनी कसं भुलवलं ते सगळ्यांनी पाहिलं, आणि आज इंजिनिअर झालेल्या मुलामुलींनाही पहिली नोकरी लवकर मिळत नाही. खोटं आश्वासन दिलंत तर तीन वर्षांनी सगळ्या गावाचा तुमच्यावरचा विश्वास जाईल, आणि मागच्या मुलींची वाट बंद होईल.

त्याऐवजी खरं आणि हातात धरता येईल असं सांगा. बारावीपर्यंत मुलीला शाळा-कॉलेजला जायला एसटीचा पास फुकट आहे. दहावीनंतर दोन वाटा आहेत. एक, धुळ्यासारख्या ठिकाणचं शासकीय तंत्रनिकेतन, तीन वर्षांचा डिप्लोमा. डिप्लोमाला मराठी-इंग्रजी अशा दुहेरी माध्यमाचा पर्यायही तंत्रशिक्षण मंडळाने दिलेला आहे, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलीने घाबरायचं कारण नाही. दुसरी वाट अकरावी-बारावीची. आपल्या बारावी बोर्डाला माहिती तंत्रज्ञान हा विषय कला, वाणिज्य आणि विज्ञान तिन्ही शाखांना घेता येतो. त्यात वेब पेज बनवणं, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी ह्या वेबसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषा आहेत, परीक्षा संगणकावर होते. सायन्स परवडत नाही म्हणून आर्ट्सला गेलेल्या मुलीचं कोडिंग सुटायची गरज नाही. शिंदखेडा, दोंडाईचा, शिरपूर इथल्या कुठल्या ज्युनियर कॉलेजात हा विषय चालतो ते ह्याच महिन्यात विचारून ठेवा. जिथे नाही तिथे प्राचार्यांना भेटा. हे काम ट्रस्टच्या पंधरा उद्घाटनांपेक्षा मोलाचं आहे.

पैशाचंही स्पष्ट सांगा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. शिवाय एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे, तंत्रशिक्षणाच्या डिप्लोमाला किंवा पदवीला असलेल्या मुलींसाठी वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. सगळ्यांना मिळत नाही, जागा ठरावीक आहेत. अर्जाच्या वर्षी नियम पुन्हा तपासा, आणि उत्पन्नाचा व जातीचा दाखला नववीतच काढून ठेवायला लावा. आपल्याकडे प्रवेश गुणांवरून जेवढे जातात, तेवढेच तहसीलच्या रांगेत जातात.

वडिलांना बोलवाल तेव्हा आईलाही बोलवा, आणि बोलणं मुलीला करू द्या. तिने त्यांच्याच वहीतली मजुरी टाकावी आणि बेरीज काढून दाखवावी. तुम्ही एवढंच म्हणा, "भाऊ, नोकरीची हमी मी देत नाही. पण पोरगी दोन वर्षं हे शिकली तर दहावीनंतर तिच्यापुढे एक वाट जास्त असेल, आणि त्या वाटेचा खर्च कमी कसा करायचा ते मी तुम्हाला कागदावर लिहून देते." ह्या प्रश्नामागे बहुतेक वेळा लग्नाचा विचार असतो, तोही ओळखा. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. दहावीनंतर पुढचा प्रवेश ठरलेला असला की घराला नातेवाइकांना सांगायला एक कारण मिळतं. पुष्कळ आया तेच कारण शोधत असतात.

एआयबद्दल सहकाऱ्यांना थोडक्यात सांगा. हो, फोनला विचारलं तर तो तांदळाचा प्रोग्रॅम लिहून देईल. त्याने पाचवीच्या मुलांना १५० ग्रॅम धरले, तर ती चूक पकडणार कोण? जिने स्वतः ओळ न् ओळ लिहिली आहे तीच. यंत्राने दिलेलं तपासायला येणं, ही गरज वाढणार आहे, आणि ती येण्यासाठी आधी हाताने लिहावंच लागतं. गणिताच्या शिक्षकांना हे कळायला अवघड जाऊ नये. कॅल्क्युलेटर आला म्हणून पाढे कुणी सोडले नाहीत.

जगातही ज्यांनी हे काम टिकवलं, त्यांनी मुलीच्या सगळ्या दिवसाचा विचार केला. नैरोबीत अकिराचिक्स ही संस्था २०१० पासून मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवते. त्यांच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात राहण्याची सोयसुद्धा संस्थाच करते, कारण गरीब घरातली मुलगी रोज जाऊन-येऊन टिकत नाही हे त्यांना कळलं. अफगाणिस्तानात हेरात शहरात २०१५ साली कोड टू इन्स्पायर ही मुलींची पहिली कोडिंग शाळा निघाली. २०२१ मध्ये सत्ता बदलल्यावर शाळेची इमारत बंद करावी लागली, तरी शिकवणं ऑनलाइन सुरू राहिलं. आपली अडचण त्या मानाने किती लहान आहे! आपल्याला दोन तासिका, दहा लॅपटॉप आणि एक दुसरं वर्ष हवं आहे.

करारात आणखी एक कलम घाला, फोटोंचं. देणाऱ्या संस्थांना अहवालासाठी आणि समाजमाध्यमांसाठी मुलींचे हसरे फोटो हवे असतात. मुलीचा फोटो आणि गावाचं नाव एकत्र कुठेतरी टाकलं जातं, ते भावकीत कुणाच्या तरी फोनवर पोचतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी वर्गात येत नाही. आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय फोटो नाही, नाव नाही, आणि मुलींचे मोबाइल क्रमांक कुणालाही नाही, असं स्पष्ट लिहून घ्या. खाती उघडावी लागलीच तर शाळेच्या ईमेलवर उघडा. आणि प्रगती मोजायचीच असेल तर प्रमाणपत्रांची संख्या मोजू नका म्हणावं. दुसऱ्या जूनमध्ये किती मुली परत आल्या आणि किती जणींनी स्वतःचा एक तरी प्रोग्रॅम पूर्ण केला, ते मोजा.

ट्रस्टने तीन शाळा आणि दोन वर्षं नाकारली तर? तर नम्रपणे नको म्हणा आणि तुमच्या चौदा जणींना घेऊन पुढे चला. पाच चालू मशीनवर दहा मुली एका वेळी बसतात, दोन तुकड्या करा. बंद पडलेल्या तीन मशीनपैकी एखादं तरी दुसऱ्याचे भाग घालून सुरू होईल, दोंडाईच्यातला कुणी दुरुस्तीवाला गाठा. तालुक्यातल्या सीनियर कॉलेजच्या संगणक विभागात जाऊन बीसीएच्या दोन मुली आठवड्यातून एकदा येतील का विचारा. गावातून पुण्याला गेलेली मुलं-मुली जत्रेला येतात, त्यांच्याकडे जुने लॅपटॉप असतात, ते मागायला संकोच करू नका.

आणि गळालेल्या आठ जणींची नावं लिहून काढा, एकेकीच्या घरी जाऊन या. वेळ बदलली आहे एवढंच सांगा. त्यातल्या चार परतल्या तरी ट्रस्टपुढे मांडायला तुमच्याकडे स्वतःचा पुरावा असेल.

ट्रस्टला पत्र ह्याच आठवड्यात लिहा, पण त्यावर एकटीची सही करू नका. मुख्याध्यापकांची आणि संस्थेच्या चेअरमनची घ्या, आणि लॅपटॉप शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत चढवून घ्या. उद्या तुमची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत झाली, तरी वर्ग आणि यंत्रं मुलींकडेच राहतील.